दुखणं जात नाही तेव्हा: घड्याळ, वही आणि रोजची कामं

ऊस तोडून किंवा सोयाबीन काढून धरलेली कंबर चार-आठ दिवसांत सुटते. तीच कंबर ३ महिन्यांनंतरही रोज ठणकत असेल, तर ते दुखणं वेगळ्या जातीचं आहे आणि त्याच्याशी वागायची रीतही वेगळी आहे. हा लेख त्या दुसऱ्या दुखण्याबद्दल आहे. कंबर, मान, खांदा, गुडघा, किंवा चिकुनगुन्या होऊन गेल्यावर मागे राहिलेले सांधे. डॉक्टरांनी तपासलं आहे, जो इलाज करायचा तो झाला आहे, तरी दुखणं आहेच, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. यातल्या कुठल्याच उपायानं दुखणं शून्यावर येईल असं वचन देता येत नाही. मात्र आज १० मिनिटं उभं राहणं जमत नाही तिथं काही आठवड्यांनी २० मिनिटं उभं राहता यावं, रात्री सलग झोप लागावी, महिन्यात चार वेळा अंथरूण धरावं लागत होतं ते एकदाच धरावं लागावं, इथपर्यंत बरेच लोक पोचतात. त्यासाठी एकच मोठी सवय बदलावी लागते: काम कधी थांबवायचं हे दुखण्यानं ठरवायचं नाही, घड्याळानं ठरवायचं.

आधी हे नाही ना, एवढं पाहून घ्या

खालचं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

त्याच दिवशी दवाखाना किंवा १०८: लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावर ताबा न राहणं, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद झपाट्यानं कमी होणं. छातीत दाबल्यासारखं होऊन कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, सोबत घाम. एकच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप.

त्याच आठवड्यात दवाखाना: दुखण्यासोबत रोज संध्याकाळी येणारा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम सुटणं. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आहे आणि तो सुरुवातीला साध्या पाठदुखीसारखाच वाटतो. शेळ्या-म्हशींचं बाळंतपण करणाऱ्यांना किंवा कच्चं दूध पिणाऱ्यांना अंगदुखीबरोबर चढ-उताराचा ताप येत असेल तर तेही डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण जनावरांकडून येणारा ब्रुसेलोसिस असाच सुरू होतो. पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्यापासून सुरू झालेलं दुखणं, कुठल्याही कुशीवर आराम न पडणारी रात्रीची वेदना, हेही याच यादीत.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. किनवट भागासारख्या काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. गावातल्या पोरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग असतील आणि मोठ्या माणसांची मान-पाठ लाकडासारखी ताठ होत असेल, तर ग्रामपंचायतीमार्फत त्या बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेतून तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड चालत नाही. पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्यानं पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं.

दुखणं मागे का राहतं

जखम झाली की तिथली खबर मज्जातंतूंमधून मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूत जाते, आणि मेंदू दुखण्याची जाणीव करून देतो. काम संपल्यावर ही यंत्रणा शांत व्हायला हवी. काहींच्या बाबतीत ती होत नाही. एकदा चोर पाहिलेलं राखणीचं कुत्रं पुढे पान हललं तरी भुंकतं, तशी ती हळवी होऊन बसते. मग पूर्वी न दुखणारी हालचालही दुखते, जागा पसरते, थंडी, जागरण आणि काळजी यांनी ठणका वाढतो. दुखणं पूर्ण खरं असतं, मनाचे खेळ नसतात. फक्त 'जेवढं दुखतंय तेवढं आत मोडतंय' हा हिशेब आता लागू राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात २०२२ पासून दीर्घकालीन वेदनेला स्वतःचा वेगळा गट आहे.

इथंच 'मणक्यात गॅप आलाय' या वाक्याबद्दल सांगायला हवं, कारण त्यानं फार माणसं घाबरून घरी बसली आहेत. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा पन्नाशीतल्या लोकांचे एमआरआय काढले, तर १०० पैकी सुमारे ८० जणांत दोन मणक्यांमधल्या चकतीची झीज दिसते आणि ६० जणांत चकती थोडी बाहेर आलेली दिसते. केस पिकतात तशी मणक्याचीही वयोमानाची झीज होते. तेव्हा रिपोर्टातली झीज हेच तुमच्या दुखण्याचं कारण असेल असं नाही. 'आयुष्यभर वाकायचं नाही' हा सल्ला तर बहुतेकांना तोट्याचा ठरतो. न वाकणारी कंबर आखडते, स्नायू सुकतात, आणि मग वाकलं की जास्तच दुखतं.

पहिला आठवडा: काही बदलू नका, लिहा

शंभर पानी वही आणि पेन घ्या. मोबाईलवर लिहिणं जमत असेल तर तेही चालेल, पण वही डॉक्टरांपुढे उघडून ठेवता येते. दिवसातून तीनदा, सकाळी उठल्यावर, दुपारच्या जेवणानंतर आणि झोपताना, एक-एक ओळ लिहा:

दुखणं किती (० म्हणजे नाही, १० म्हणजे सोसवणारच नाही). मागच्या काही तासांत काय केलं आणि किती मिनिटं. कुठली गोळी, किती वाजता. सकाळच्या ओळीत रात्रीच्या झोपेचे तास.

लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराला सांगा, तो दोन मिनिटांत लिहून देईल. याहून जास्त वेळा दुखणं मोजू नका. तासातासाला आकडा पाहत बसलं तर लक्ष तिथंच अडकतं आणि ठणका वाढल्यासारखा वाटतो. वही एका आठवड्यानंतर दिवसातून एकदाच, झोपताना. सकाळी फक्त झोपेचे तास.

आठवडाभरानं वही वाचली की बहुतेकांना एक साचा दिसतो. बुधवारी आकडा ३, बरं वाटलं म्हणून दोन दिवसांचं तुंबलेलं काम एका दमात उरकलं. गुरुवारी ८, दिवसभर आडवं. शुक्रवारीही आडवं. शनिवारी बरं, परत सगळं उरकलं. दर फेरीला ताकद थोडी कमी होते, कारण आडवं पडण्याचे दिवस वाढत जातात. नवरात्राआधी दसरा काढताना हे सर्रास होतं: घरातल्या सगळ्या गोधड्या-वाकळा एका दिवसात धुवायच्या आणि घटस्थापनेला कंबर धरून बसायचं. पुढची सगळी खटपट ही फेरी मोडण्यासाठी आहे.

दुसरा आठवडा: आपली वेळ काढा

सगळी कामं एकदम हातात घेऊ नका. जे रोज करावं लागतं आणि ज्यानं दुखणं वाढतं असं एकच काम निवडा. ओट्यापाशी उभं राहणं, चालणं, खुरपायला बसणं, मोटारसायकलवर बसणं, शिलाई मशीन चालवणं, काहीही.

१. सलग तीन दिवस ते काम करा आणि दुखणं *वाढायला लागलं* की किती मिनिटं झाली ते लिहा. सोसवेपर्यंत ताणायचं नाही. पहिली वाढ जाणवली की थांबायचं.

२. तिन्हींची सरासरी काढा. समजा १२, ७ आणि १४ मिनिटं आली. बेरीज ३३, सरासरी ११.

३. सरासरीच्या पाचातले चार भाग घ्या. ११ चे ८.८, म्हणजे सोपं करून ८ मिनिटं. ही तुमची आजची वेळ.

४. मोबाईलवर ८ मिनिटांचा गजर लावा. गजर वाजला की थांबा, *बरं वाटत असलं तरी*. ५ मिनिटं बसा, किंवा दुसऱ्या अंगाला लागणारं काम करा. मग परत ८ मिनिटं.

५. आठवडाभर रोज तेवढंच. चांगल्या दिवशी जास्त नाही, वाईट दिवशी शून्य नाही.

चौथी पायरी सगळ्यात अवघड जाते. हातातलं काम अर्ध्यावर असतं, अंग मोकळं वाटत असतं, आणि गजर मूर्खासारखा वाजतो. तरीही थांबा. दुखल्यावर थांबलं की शरीर 'दुखणं आणि हे काम' अशी जोडी बांधतं. दुखण्याआधी थांबलं की ती जोडी हळूहळू सुटते. पहिल्या दोन आठवड्यांत काम मागे पडल्यासारखं वाटतं. वहीत दिवसाची एकूण मिनिटं लिहा, आडवं पडण्याचे दिवस कमी झाल्यामुळे आठवड्याची बेरीज वाढलेली दिसेल.

वाढवायचं कधी? आठवडी बाजाराचा दिवस लक्षात ठेवायला सोपा. त्या दिवशी मागच्या वेळेच्या दहाव्या भागाइतकं वाढवा: ८ वर जवळपास १ मिनिट, २० वर २ मिनिटं. या गतीनं वेळ दुप्पट व्हायला ७ ते ८ आठवडे लागतात. हिशेब आधीच कळला की घाई होत नाही. कोजागिरीला तुळजापूरला पायी जायची इच्छा असेल आणि आज १० मिनिटं चालवत असेल, तर यंदा वाहनानं जाऊन शेवटचा टप्पा पायी करायचा, असं उन्हाळ्यातच ठरवता येतं.

काम करताना आकडा २ नं वाढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ जागी आला, तर ते चालतं. दुसऱ्या सकाळीही वर असेल तर उडी मोठी झाली. मागच्या आठवड्याच्या वेळेवर या आणि तिथं आणखी एक आठवडा राहा.

चूल, शेत, पाणी, एसटी

स्वयंपाक. बारा भाकरी एका बैठकीत थापण्याऐवजी चार-चारचे तीन फेरे करा, पीठही चार भाकऱ्यांपुरतंच मळा. खाली बसून थापत असाल तर काठवट किंवा परात जमिनीवर न ठेवता पाटावर किंवा चौरंगावर ठेवा आणि स्वतः ८ ते १० इंच उंच पाटावर बसा, म्हणजे कंबर कमी वाकते आणि गुडघे पूर्ण मिटत नाहीत. ओट्यापाशी उभं राहून करत असाल तर एक पाय विटेवर, दर दोन भाकऱ्यांनी पाय बदला. भाजी निवडणं, लसूण सोलणं ही बसून करायची कामं उभ्या कामांच्या मधे पेरून ठेवा. घड्याळ तेव्हाच निभतं.

पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मोठा भरलेला हंडा सहज १५ ते २० किलोंचा होतो आणि तो एकाच कडेवर घेतला की मणका एका बाजूला ओढला जातो. त्याऐवजी दोन हातांत दोन अर्ध्या भरलेल्या कळश्या. फेऱ्या वाढतात, पण प्रत्येक फेरी झेपते. उचलताना ओझं अंगाजवळ घ्या. उचललेल्या ओझ्यासकट कंबरेतून वळू नका, पाय टाकून सगळं अंग वळवा. ओली गोधडी एकट्यानं कधीच पिळू नका, आणि दिवसाला दोनच धुवा. आठ गोधड्यांना चार दिवस लागतील, लागू द्या.

शेत. मजुरीवर जाणाऱ्याला 'मधेच विश्रांती घ्या' म्हणणं सोपं आहे, मुकादम आणि बाकीच्या बाया पुढे निघून जातात. म्हणून इथं विश्रांतीऐवजी बदल शोधावा लागतो. खुरपताना चवड्यावर बसणं, एक गुडघा टेकणं, उभं राहून वाकणं, या तिन्ही बैठका आलटूनपालटून वापरा. एका बैठकीत आपल्या वेळेपेक्षा जास्त नाही. ओळीच्या टोकाला पोचलं की उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा हळूच मागे वाकायचं. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. कापूस वेचताना ओटी गच्च भरेपर्यंत थांबू नका. अडीच-तीन किलो झाले की रिकामी करा, पोटापुढे लोंबणारं वजन कंबरेला सगळ्यात महाग पडतं. स्वतःच्या शेतात काम असेल तर लांब दांड्याचं खुरपं किंवा सायकल कोळपं घेतल्यानं उकिडवं बसणं बरंच वाचतं.

ऊसतोडीबद्दल खोटा दिलासा देणार नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवरच्या फळीवर चढणं या कामात दुखऱ्या कंबरेला जागा नाही. कोयत्याच्या जोडीत शक्य असेल तर दुखणारानं तोडणं आणि बांधणं घ्यावं, वाहणं दुसऱ्यानं. मोळी लहान बांधा. उचल (मुकादमाकडची आगाऊ रक्कम) घेण्याआधी, म्हणजे हंगामाच्या दोन-तीन महिने आधी, खालचे व्यायाम सुरू केले तर शरीर थोडं तयार असतं. हंगाम सुरू झाल्यावर कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) परत येऊन नवीन व्यायाम सुरू करायला जाऊ नका.

प्रवास. एसटीत शेवटचं बाक आणि चाकावरचं बाक सोडा, मधलं धरा, तिथं हादरे कमी बसतात. टॉवेलची गुंडाळी कमरेच्या खोलगट जागी. मोटारसायकलवर आपली वेळ २० मिनिटं असेल तर २० मिनिटांनी थांबून दोन मिनिटं चाला, गाव तीन किलोमीटरवर राहिलं असलं तरी.

पाच हालचाली

यासाठी काहीच विकत घ्यावं लागत नाही. प्रत्येक हालचाल आधी एकदा किती वेळा सहज होते ते पाहा, आणि त्याच्या निम्म्यानं सुरुवात करा. पाच वेळा होत असेल तर दोन किंवा तीन.

खुर्चीवरून किंवा बाजेच्या काठावरून हात न टेकता उठणं-बसणं. नाही जमलं तर उंच बैठक घ्या. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, दोन्ही गुडघे जोडीनं डावीकडे-उजवीकडे झुलवणं. त्याच स्थितीत कंबर वर उचलून ५ सेकंद धरणं. भिंतीला हात टेकून टाचा उचलणं. भिंतीपासून हातभर दूर उभं राहून, तळवे भिंतीला लावून कोपरं दुमडणं आणि सरळ करणं.

रोज एकदा, आणि बाजाराच्या दिवशी प्रत्येकी एक वाढवायची. श्वास रोखून करू नका. सकाळी उठल्या-उठल्या अंग जास्त आखडलेलं असतं, म्हणून अंघोळीनंतर किंवा दुपारी करणं बरं पडतं.

चालणं याहून महत्त्वाचं, आणि सोपंही. गावातल्या रस्त्यावर विजेचे खांब मोजा: 'आज सहा खांब गेलो, सहा आलो.' एप्रिल-मेमध्ये सकाळी ७ च्या आत किंवा दिवे लागल्यावर, घरून पाणी पिऊन. परभणीकडे पारा उतरतो त्या पौष-माघात उलट, ऊन वर आल्यावर.

शेक आणि चोळणं

जुन्या, आखडलेल्या दुखण्याला गरम शेक, नव्यानं सुजलेल्या सांध्याला थंड. मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर पायाला शेक नकोच. चटका बसलेला कळत नाही आणि जखम चिघळते. वेदनेचं जेल लावलेल्या जागी वरून शेकू नका.

हलक्या हातानं तेल लावण्यात वाईट काही नाही. जोरात मणका मोडून 'गॅप बसवणं' आणि तापल्या सळईचे डाग देणं, ही दोन्ही टाळाच.

गोळ्या, पुड्या, सलाईन

पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या प्रौढ माणसानं २४ तासांत ८ च्या पुढे कधीच घेऊ नयेत, आणि रोज लागत असतील, वजन कमी असेल किंवा दारू असेल तर ६ च्याही आत राहावं. गोळी घेण्याच्या दोन वेळांत किमान ४ ते ६ तास. चूक इथं होते: 'दुखण्याची' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. एसिक्लोफिनॅकची जोडगोळी आणि वर तापाची गोळी घेतली की नकळत दुप्पट होतं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचून घ्या.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक या एकाच घराण्यातल्या गोळ्या. दोन एकत्र घेऊन फायदा वाढत नाही, पोटात व्रण आणि किडनीला इजा यांचा धोका मात्र वाढतो. उन्हात दिवसभर घाम गाळलेला, पाणी कमी प्यालेलं, वर ही गोळी: किडनी खराब व्हायला एवढं पुरतं. बीपीच्या गोळ्या चालू असतील, किडनीचा त्रास असेल किंवा काळी शौच झाली असेल तर डॉक्टरांशिवाय घेऊच नका. गुडघ्याला किंवा बोटांना डायक्लोफिनॅकचं जेल हा बऱ्याच जणांना सुरक्षित पर्याय आहे.

डॉक्टरांनी रात्री कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन किंवा प्रीगाबालिन दिलं तर 'ही वेड्याची गोळी आहे' असं कुणी म्हटल्यावर घाबरू नका. ही औषधं मज्जातंतूंचा हळवेपणा कमी करण्यासाठीही देतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात, सुरुवातीला गुंगी येते, म्हणून पहिले काही दिवस गाडी आणि विहिरीचा काठ टाळा, दारू वर्ज्य. एकाएकी बंद करू नका.

नाव नसलेल्या पुड्या आणि 'दोन दिवसांत उभं करणाऱ्या' गोळ्या यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. म्हणूनच फरक लगेच वाटतो. काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि बराच काळ घेतल्यावर अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. घेत असाल तर लपवू नका, पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि हळूहळू कमी कशी करायची ते विचारा. सलाईन तर मिठाचं पाणी आहे. आराम वाटतो तो त्यात टाकलेल्या इंजेक्शनचा, आणि काही तासांपुरता.

झोप

कमी झोपेच्या रात्रीनंतर ठणका वाढतो, हे तुमची वहीच दाखवेल. उठायची वेळ पक्की ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप २० मिनिटांच्या वर नको. चार वाजल्यानंतर चहा नको, झोपताना मिश्री किंवा तंबाखू नको, कारण निकोटिन झोप उडवतं. कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांमधे उशी, उताणे झोपत असाल तर गुडघ्यांखाली. बाजेची नवार ढिली पडून झोळी झाली असेल तर आवळून घ्या. 'कडक जमिनीवरच झोपा' या सल्ल्यालाही आधार नाही. फार मऊ नाही, फार टणक नाही, अशी कापसाची गादी ठीक.

जाग आली आणि पडून तळमळ होत असेल तर श्वास: ४ मोजेपर्यंत नाकानं आत, ६ मोजेपर्यंत हळू बाहेर, पोटावर हात ठेवून, ५ मिनिटं. श्वास रोखायचा नाही. दिवसा बरं असताना आठवडाभर सराव केलेला असेल तरच रात्री उपयोगी पडतो.

दुखणं उसळलं तर

उसळणारच. नीट सगळं करूनही उसळेल: येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) आदल्या रात्रीचा स्वयंपाक, लग्नसराईचं जागरण, पोराचं आजारपण. त्यासाठीचा कागद *बऱ्या दिवशी* लिहून भिंतीला लावा, कारण आकडा ८ वर असताना डोकं चालत नाही.

कागदावर एवढं असावं. पहिले दोन दिवस सगळ्या वेळा निम्म्या, पण शून्य नाही. सलग दोन तासांवर आडवं पडायचं नाही. उठून दोन मिनिटं घरातल्या घरात चालायचं. शेक तीनदा. डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी दुखेपर्यंत न थांबता वेळेवर, त्यांनी सांगितले तेवढेच दिवस. श्वास दोनदा. घरातलं कुठलं काम कोण करणार, त्यांची नावं. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या पाऊण, पाचव्या-सहाव्या दिवशी पूर्ण. त्या आठवड्याच्या बाजाराला वाढवायचं नाही.

लोक दोन ठिकाणी चुकतात. एकतर आठ-दहा दिवस पडून राहतात, किंवा दुखणं उतरलं त्याच दिवशी राहिलेलं सगळं भरून काढतात.

घरच्यांना सांगताना

'मला फार दुखतंय' याला समोरच्याकडे उत्तर नसतं, आणि रोज ऐकून ते ऐकणंही बंद करतात. काम आणि वेळ सांगा. "आत्या, चार भाकरी झाल्या, दहा मिनिटं बसून पुढच्या टाकते." "दादा, पाण्याची घागर तेवढी तुम्ही उतरवा, कपडे मी वाळत घालते." घरच्यांनाही सांगणं आहे: सगळी कामं हिसकावून घेऊ नका आणि 'काल तर चालत होतीस' असंही म्हणू नका. काल आणि आज वेगळे असणं हाच या दुखण्याचा स्वभाव आहे.

लांबलेल्या दुखण्यात उदासी येते, चिडचिड होते, त्यात कर्ज, दुष्काळ यांची भर पडते. हे दुखण्याचंच अंग आहे आणि त्यावरही इलाज आहे. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर आत्ताच लावा, आणि घरात फवारणीचं औषध असेल तर ते दुसऱ्याच्या ताब्यात द्या.

पुन्हा डॉक्टरांकडे जाताना

प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. तिथून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. जाताना वही, सगळी औषधं पाकिटांसकट (पुड्यासुद्धा) आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत. ओपीडीत वेळ थोडा मिळतो, म्हणून प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून न्या: यातली कुठली गोळी आता बंद करता येईल? माझ्या बीपीच्या किंवा साखरेच्या औषधाशी ही चालते का? व्यायाम दाखवायला फिजिओथेरपीकडे पाठवाल का? कुठली हालचाल मी खरोखर करू नये, आणि किती दिवस?

शेवटच्या प्रश्नातलं 'किती दिवस' विसरू नका. सहा आठवड्यांसाठी सांगितलेलं 'वजन उचलू नका' लोक सहा-सहा वर्षं पाळत बसतात, कारण ते कधी संपलं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.